डोंगराच्या पोटातला कारखाना : मिटेलबाऊ-डोरा येथील स्मारक-प्रदर्शन पाहून

पायवाट (धागाकर्ती)

जर्मनीच्या थुरिंगिया राज्यात, हार्झ पर्वताच्या दक्षिण पायथ्याशी नॉर्डहाउझेन हे छोटे शहर आहे. नोकरीच्या निमित्ताने मी चार वर्षांपासून या भागात राहते. शहराच्या कडेला कोनस्टाइन नावाची झाडीने झाकलेली टेकडी आहे. तिच्या पोटात काय घडले होते हे इथे येण्यापूर्वी मला ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते फक्त रॉकेट. शाळेत असताना वाचलेल्या विज्ञानलेखांत वेर्नर फॉन ब्राउन यांचे नाव माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ चे शिल्पकार म्हणून येई, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने शहरांवर डागलेल्या त्यांच्या व्ही-२ रॉकेटचा उल्लेख आधुनिक रॉकेटांचा पूर्वज एवढाच असे. ते रॉकेट कोणी जोडले आणि कुठे जोडले, याविषयी एखादी ओळ वाचल्याचे मला आठवत नाही. गेल्या महिन्यात या टेकडीच्या पायथ्याचे स्मारक आणि तेथील प्रदर्शन पाहण्यात मी दोन दिवस घालवले. त्यानंतर ही राहून गेलेली ओळ मराठीत कुठेतरी लिहिली जावी असे तीव्रतेने वाटले, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. व्ही-२ चा विकास बाल्टिक समुद्रकाठी पेनेम्युंडे येथे चालू होता. १७-१८ ऑगस्ट १९४३ च्या रात्री ब्रिटिश विमानदलाने तेथे मोठा हल्ला केला आणि उत्पादन जमिनीखाली हलवण्याचे ठरले. कोनस्टाइनमध्ये १९३६ पासून इंधनसाठ्यासाठी बोगदे खोदले जात होते, ते आयतेच हाताशी होते. हल्ल्याला दोन आठवडेही उलटले नव्हते तोच, २८ ऑगस्टला, बुखेनवाल्ड छळछावणीतून कैद्यांची पहिली तुकडी इथे आणली गेली. या नव्या उपछावणीला 'डोरा' हे नाव मिळाले.

सुमारे १.८ किलोमीटर लांबीचे दोन समांतर मुख्य बोगदे आणि शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे त्यांना जोडणारे ४६ आडवे बोगदे, अशी ही रचना होती. बाहेर बराकी बांधायला वेळ घालवायचा नाही, आधी कारखाना उभा करायचा, असे ठरल्यामुळे कैद्यांना ४३ ते ४६ क्रमांकांच्या आडव्या बोगद्यांतच चारमजली लाकडी फळ्यांवर झोपवले जाई. बारा तासांची पाळी संपवून एक तुकडी आली की दुसरी त्याच फळ्यांवरून उठून कामावर जाई. धुण्यासाठी पाणी नव्हते. शौचासाठी इंधनाची पिंपे मधोमध कापून त्यांवर फळी टाकलेली होती. पलीकडे खोदकाम आणि सुरुंग रात्रंदिवस चालू असत, त्यामुळे झोपेतही धूळ आणि धूर छातीत जाई. आठवडेच्या आठवडे सूर्यप्रकाश न पाहिलेली माणसे या बोगद्यांत होती. त्या पहिल्या हिवाळ्यात, मार्च १९४४ पर्यंत, जवळजवळ ३,००० कैदी मेले. काम करण्याच्या पलीकडे गेलेल्या आणखी सुमारे ३,००० जणांना मायडानेक आणि बेर्गेन-बेल्सेन या छळछावण्यांत पाठवून देण्यात आले आणि त्यांतले फार थोडे वाचले. डोरामध्ये सुरुवातीला स्वतःची दाहभट्टीही नव्हती, म्हणून प्रेते बुखेनवाल्डला नेली जात.

शस्त्रास्त्रमंत्री आल्बेर्ट श्पेअर यांनी १० डिसेंबर १९४३ रोजी हे बोगदे पाहिले. आठवड्याभराने त्यांनी बांधकामाचे प्रमुख, एसएसचे (छळछावण्या चालवणाऱ्या नाझी निमलष्करी संघटनेचे) हान्स काम्लर, यांना पत्र लिहून इतक्या कमी वेळात उभ्या केलेल्या कामाबद्दल त्यांची प्रशंसा केली. बराकी त्यानंतर बांधल्या गेल्या आणि १९४४ च्या उन्हाळ्यापर्यंत कैदी बाहेर राहायला आले. ऑक्टोबर १९४४ च्या अखेरीस डोरा बुखेनवाल्डपासून वेगळी होऊन 'मिटेलबाऊ' ही स्वतंत्र छळछावणी झाली आणि आसपासच्या सुमारे ४० उपछावण्या तिच्या अखत्यारीत आल्या. एकंदर ६०,००० हून अधिक माणसे या छावणीत आणली गेली. सर्वाधिक संख्या सोव्हिएत, पोलिश आणि फ्रेंच कैद्यांची होती, पुढे हंगेरीतील ज्यू, तसेच सिंती आणि रोमा या भटक्या मानल्या गेलेल्या समाजांतील लोक आले. व्ही-२ जोडताना सुमारे २०,००० माणसे मेली, म्हणजे या रॉकेटच्या माऱ्यात लंडन, अँटवर्प आणि इतर शहरांत जितकी मेली त्याहून कितीतरी अधिक.

आता प्रदर्शनाविषयी. सध्याचे स्थायी प्रदर्शन २००६ मध्ये नव्या इमारतीत सुरू झाले. मी मनाशी धरून गेले होते की आत शिरताच समोर एखादे रॉकेट उभे असेल, पण तसे नाही. रॉकेट ज्यांनी घडवले आणि ज्यांच्याकडून ते घडवून घेतले गेले, त्या माणसांपासून मांडणी सुरू होते आणि शेवटपर्यंत त्यांच्यावरून नजर हटू देत नाही. छावणी कोणत्या गावांतून पसरली होती, कैदी कोणत्या रस्त्यांवरून कामाला जात, बाहेरून येणारे जर्मन कामगार आणि मुकादम त्यांच्याशी कसे वागत, कोणत्या आस्थापनांना त्यांच्या श्रमाचा लाभ झाला, हे सारे त्यात येते. छावणी कोठे तरी दूर, तारेआड, लोकांच्या नजरेबाहेर होती ही समजूत तिथे टिकत नाही. नॉर्डहाउझेनचे रहिवासी, रेल्वेचे कर्मचारी, कारखान्याचे अभियंते, गावातील दुकानदार यांच्या रोजच्या जगण्याच्या मधोमध ती होती.

बोगद्यात फक्त मार्गदर्शकाबरोबर जाता येते. १९४८ मध्ये सोव्हिएत सैन्याने प्रवेशद्वारे सुरुंग लावून बंद केली होती. आज आपण जातो तो मार्ग नव्याने खोदून १९९५ मध्ये खुला केलेला आहे, आणि मूळ बोगद्यांचा अगदी छोटा भागच पाहता येतो. आत वर्षभर आठ अंशांच्या आसपास तापमान असते. कोसळलेले खडक, खालच्या भागात साचलेले भूजल आणि त्यात गंजत पडलेले रॉकेटचे अवशेष दिसतात. आमच्या गटातील एका मुलाने इंजिनाचा एक भाग ओळखून उत्साहाने त्याचे नाव सांगितले आणि लगेच गप्प झाला. मार्गदर्शक बाईंनी त्याला टोकले नाही. त्यांनी फक्त सांगितले की आपण उभे आहोत तिथून काही पावलांवर झोपण्याचे बोगदे सुरू होत होते.

तिथे उभी असताना एक प्रश्न मनात आला आणि तो अजून सुटलेला नाही. हे अवशेष पाहताना यंत्राविषयीचे कुतूहल मनात येणे अपरिहार्य आहे, मग त्या कुतूहलाला जागा कोठे द्यायची? आपल्यापैकी कोणी हे स्मारक किंवा अशी अन्य स्मारके पाहिली असल्यास कृपया लिहावे.

जुनीवही

लेख दोनदा वाचला. एका शब्दाबद्दल आपले अभिनंदन करावेसे वाटते, तो म्हणजे आपण टाळलेला शब्द. आपल्या वृत्तपत्रांत 'सक्तमजुरी' सर्रास वापरला जातो, परंतु मराठीत सक्तमजुरी ही न्यायालयाने सुनावलेल्या शिक्षेचा भाग असते. 'सात वर्षे सक्तमजुरी' म्हटले की त्यामागे आरोप, खटला, निकाल आणि सुटकेची तारीख गृहीत असते. छळछावणीतील कैद्याला यांतले काहीच नव्हते. छळछावण्यांवरील मराठी मजकुरात हा शब्द आला की वाचकाच्या मनात नकळत अशी भावना तयार होते की या माणसांनी काहीतरी गुन्हा केला असला पाहिजे.

'वेठ' हा आपला जुना शब्द अधिक जवळचा आहे, कारण त्यात सत्ताधाऱ्याने घरातून उचलून नेऊन बिनमोल राबवणे हा अर्थ आहे. पण १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानंतर हा शब्द मुख्यतः कर्जापायी बांधल्या गेलेल्या मजुराशी जोडला गेला आहे. शिवाय वेठीला धरलेल्या माणसाला वेठ संपल्यावर घरी जायचे असते. डोरासाठी नेमका कोणता शब्द वापरावा असे आपल्याला वाटते?

पायवाट

जुनीवही, आपण हा मुद्दा काढलात याबद्दल आभारी आहे. मी 'सक्तीची मजुरी' असे सुटे करून लिहिते, कारण जोडशब्दाला चिकटलेली शिक्षेची छटा त्यामुळे थोडी कमी होते. तेही पुरेसे नाही. जर्मन शब्दात 'काम' आहे आणि 'सक्ती' आहे, पण इथे वायमारला ८ मे २०२४ रोजी सुरू झालेल्या नाझीकालीन सक्तीच्या मजुरीच्या संग्रहालयात त्या एकाच शब्दाखाली किती वेगवेगळी माणसे येतात हे दिसते. युक्रेनमधील गावातून उचललेली आणि जर्मन शेतकऱ्याच्या घरी राबणारी सोळा वर्षांची मुलगी, युद्धकैदी, पोलंडमधून आणलेला कारखान्यातील कामगार आणि छळछावणीतील कैदी, हे सर्व त्यात आहेत. सर्व मिळून त्यांची संख्या दोन कोटींहून अधिक होती. प्रत्येकाची सक्ती वेगळी होती आणि मरणाचे अंतरही वेगळे होते. छावणीतील कैदी त्या उतरंडीच्या तळाशी होता. कंपनी त्याच्यासाठी दररोज चार ते सहा मार्क एसएसला देत असे, त्याच्या हाती मात्र काहीही येत नसे.

खडकवाट

मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता आहे आणि माझ्या नोकरीची अनेक वर्षे बोगद्यांच्या कामावर गेली आहेत, म्हणून त्या बाजूने थोडे लिहितो.

कोनस्टाइनचा खडक प्रामुख्याने ॲनहायड्राइट आहे. हा खडक कोरडा असताना भक्कम राहतो, मोठ्या रुंदीचे दालनही फारशा आधाराशिवाय उभे राहते, म्हणून साठवणीसाठी ही जागा निवडली गेली असणार. पाणी लागले की त्याचे जिप्सममध्ये रूपांतर होते, तो फुगतो आणि सुटू लागतो. आज दिसणाऱ्या पडझडीचे एक कारण हेही असावे.

परंतु लेख वाचताना माझे मन अडकले ते सुरुंगांच्या उल्लेखाशी. बोगद्यात सुरुंग उडवल्यानंतर स्फोटाचा विषारी धूर बाहेर काढल्याशिवाय माणसाला पुढे जाऊ देत नाहीत. आमच्या कामावर त्यासाठी मोठे पंखे आणि हवेच्या नळ्या असतात, वायू मोजला जातो, सुटे झालेले दगड वरून आधी पाडले जातात, आणि मगच पाळीचा मुकादम हिरवा बावटा दाखवतो. या थांबण्याच्या वेळात काहीच काम होत नाही, आणि वेळापत्रक पाहणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकाला तो वेळ खुपतो. डोरामध्ये हा थांबण्याचा वेळच काढून टाकलेला होता. कामाची ती विलक्षण गती त्यातूनच आली. धूर निवळण्याआधी ढिगारा उपसायला आत पाठवलेल्या माणसाच्या फुप्फुसांचे काय होते हे मला वेगळे सांगण्याची गरज नाही, आणि तो रात्री त्याच हवेत झोपतही होता. श्पेअर यांनी ज्या वेगाची प्रशंसा केली तो वेग कोणत्याही बोगदा-अभियंत्याला त्याच दिवशी वाचता आला असता. तिथे अभियंते नव्हते असे नाही.

मेघमल्हार

फॉन ब्राउन यांच्याविषयी मला वेगळे मत मांडायचे आहे आणि ते गैरसमजाशिवाय वाचले जावे अशी विनंती आहे. जे घडले ते भयंकर होते याबद्दल दुमत नाही. परंतु हुकूमशाही राजवटीत, युद्धाच्या ऐन भरात, एका तंत्रज्ञाने नकार दिला असता तर काय झाले असते? छावणी एसएसच्या ताब्यात होती, कैदी एसएसचे होते, बोगद्यातील कारखाना 'मिटेलवेर्क' नावाची सरकारी कंपनी चालवत होती. फॉन ब्राउन पेनेम्युंडे येथे विकासाचे प्रमुख होते. मार्च १९४४ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, स्वतः त्यांनाच काही दिवस अटकेत ठेवले होते. माणसाला चंद्रावर नेणारे काम आपण त्यामुळे नाकारायचे का?

काळीमाती

मेघमल्हार, आपला प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही, कारण कागदपत्रे उपलब्ध आहेत.

एप्रिल १९४३ मध्ये, म्हणजे पेनेम्युंडेवर बॉम्ब पडण्याच्या चार महिने आधी, तेथील उत्पादन-अभियंता आर्थर रुडॉल्फ यांनी ओरानियेनबुर्ग येथील हाइन्केल विमानकारखान्याला भेट दिली. तिथे छळछावणीतील कैद्यांकडून काम कसे करून घेतले जाते ते पाहिले आणि आपल्याकडेही तसे करावे अशी शिफारस केली. त्या उन्हाळ्यातच पेनेम्युंडेला कैदी आले. म्हणजे एसएसने कैदी अभियंत्यांवर लादले हा क्रम खरा नाही. मागणी अभियंत्यांकडूनही आली होती.

दुसरा कागद १५ ऑगस्ट १९४४ चा. ते फॉन ब्राउन यांनी स्वतः मिटेलवेर्कच्या उत्पादनप्रमुखांना, म्हणजे आल्बिन झावाट्स्की यांना, लिहिलेले पत्र आहे. तांत्रिक शिक्षण असलेले अधिक कैदी निवडण्यासाठी आपण बुखेनवाल्डला जाऊन आलो आणि त्यांची बदली मिटेलवेर्कमध्ये करण्याविषयी तेथील कमांडंटशी बोलणे केले, असा त्याचा आशय आहे. हे पत्र लिहिले गेले तेव्हा पहिला हिवाळा होऊन गेला होता आणि त्यांनी बोगद्यांना अनेकदा भेट दिलेली होती.

अटकेबद्दल आपण लिहिले ते खरे आहे. पण त्या अटकेचे कारण कैद्यांविषयीची सहानुभूती नव्हते. आणि नकाराखेरीज काहीच हाती नव्हते असेही नाही, कारण नवे कैदी निवडायला स्वतःहून न जाणे एवढे तरी हाती होतेच.

रुडॉल्फ यांच्याबद्दल पुढचे सांगतो. अमेरिकेने त्यांना फॉन ब्राउन यांच्यासह नेले, ते सॅटर्न-५ प्रकल्पाचे संचालक झाले. अमेरिकेच्या न्यायखात्याने मिटेलवेर्कमधील त्यांच्या भूमिकेची चौकशी केल्यावर १९८४ मध्ये त्यांनी नागरिकत्व सोडले आणि ते जर्मनीला परतले. फॉन ब्राउन १९७७ मध्येच वारले होते.

मेघमल्हार

१५ ऑगस्टच्या पत्राची मला माहिती नव्हती. माझ्या प्रश्नातील 'नकार' या शब्दाचा मी पुन्हा विचार करीन. चंद्रयात्रेविषयीचा माझा आदर संपला आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल, पण तो आता एकटा उभा राहू शकत नाही.

पायवाट

मेघमल्हार, आपण मोकळेपणाने लिहिलेत याचा आनंद आहे. मी लेखाच्या शेवटी विचारलेला प्रश्न हाच होता. या देशालाही तो प्रश्न सहज सुटलेला नाही. व्ही-२ चे पहिले यशस्वी उड्डाण ३ ऑक्टोबर १९४२ चे. १९९२ मध्ये पेनेम्युंडे येथे त्याचा पन्नासावा वर्धापनदिन समारंभपूर्वक साजरा करण्याची तयारी झाली होती. विरोध झाल्यानंतर तो समारंभ रद्द झाला.

हिरवाचाफा

मी दहा वर्षांपूर्वी हे स्मारक पाहिले आहे. तेथील छायाचित्रांविषयी लिहिते, कारण माझ्या मनात सर्वांत अधिक तीच राहिली.

१९४४ च्या उन्हाळ्यात हिटलरचा छायाचित्रकार वाल्टर फ्रेंट्स याने बोगद्यातील उत्पादनाची रंगीत छायाचित्रे काढली. ती अनेक दशके त्याच्या घरातच होती आणि १९९८ मध्ये प्रकाशात आली. त्यांत पट्ट्यांच्या स्वच्छ कपड्यांतील कैदी तारांची जुळणी करताना, यंत्रावर वाकलेले, एकाग्र दिसतात. प्रकाश सुंदर आहे. कोणी ओरडत नाही, कोणी आजारी नाही, पहारेकरी जवळपास दिसत नाही. ही छायाचित्रे शस्त्रास्त्र मंत्रालयासाठी काढलेली होती, उत्पादन किती सुरळीत चालले आहे हे दाखवण्यासाठी. सावधपणे पाहिले नाही तर आज, ऐंशी वर्षांनंतरही, ती तेच काम करू शकतात.

त्यांच्या शेजारी लेओं देलार्ब्र यांची रेखाटने ठेवून पाहा. ते फ्रान्समधील बेलफोर येथील संग्रहालयाचे अभिरक्षक होते, प्रतिकार चळवळीतील सहभागामुळे पकडले गेले आणि डोराला आले. मिळेल त्या कागदाच्या कपट्यावर त्यांनी लपून चित्रे काढली. सापडली असती तर जीव गेला असता. त्यांच्या रेषेत माणसे वाकलेली, एकमेकांना धरून चालणारी, फाशीच्या दोराखाली उभी राहायला लावलेली आहेत. मार्च १९४५ मध्ये बोगद्यातील ४१ क्रमांकाच्या दालनात, जिथे रॉकेट उभे करून तपासण्यासाठी मोठी यारी (क्रेन) होती, त्या यारीलाच कैद्यांना फाशी देण्यात आले आणि इतरांना खालून चालत जायला लावले. त्या यारीचे छायाचित्र फ्रेंट्सच्या संग्रहात शोधले तर यंत्र दिसेल, दोर दिसणार नाही.

एखाद्या प्रदर्शनाने फ्रेंट्सची चित्रे दाखवूच नयेत असे मी म्हणणार नाही. पण त्यांना मोठा आकार देऊ नये आणि छायाचित्र कोणी, कोणासाठी काढले हे चित्राइतक्याच ठळक अक्षरांत लिहावे, असे मला ठामपणे वाटते.

काळीमाती

हिरवाचाफा यांच्या मुद्द्याला जोडून एक. नॉर्डहाउझेनची जी छायाचित्रे जगभर पोहोचली, ओळीने ठेवलेली शेकडो प्रेते दाखवणारी, ती बोल्के बराकीची आहेत. जानेवारी १९४५ पासून मरणासन्न कैद्यांना तिथे आणून टाकले जाई. ३ आणि ४ एप्रिलला ब्रिटिश विमानांनी शहरावर बॉम्बहल्ला केला. त्यात तेथील सुमारे १,३०० कैदी मेले, कारण त्यांना आसऱ्याला जाऊ दिले नव्हते. ११ एप्रिलला अमेरिकन सैन्य पोहोचले तेव्हा त्यांना दिसलेल्या प्रेतांत उपासमारीने मेलेले आणि बॉम्बने मेलेले असे दोन्ही होते. अत्याचार नाकारणारे लोक या तपशिलाचा गैरवापर करतात, म्हणून तो लपवण्यापेक्षा पूर्ण सांगणे हाच त्यावरचा योग्य मार्ग आहे. त्या माणसांना तिथे, त्या अवस्थेत, कोणी ठेवले होते याचे उत्तर त्यामुळे बदलत नाही.

जुनीवही

नुकसानभरपाईबद्दल कोणी लिहील का? वाचलेल्यांना काही मिळाले का?

काळीमाती

फार उशिरा मिळाले. २००० साली जर्मन सरकार आणि उद्योग यांनी निम्मा-निम्मा वाटा उचलून दहा अब्ज मार्कांचा निधी उभा केला आणि त्यासाठी एक प्रतिष्ठान स्थापन झाले. २००७ पर्यंत सुमारे १६.६ लाख लोकांना मिळून ४.४ अब्ज युरो वाटले गेले. छळछावणीतील कैद्याला जास्तीत जास्त १५,००० मार्क, म्हणजे सुमारे ७,६७० युरो, मिळाले. युद्ध संपून तोवर पंचावन्न वर्षे होऊन गेली होती, त्यामुळे बहुसंख्य लोक हयात नव्हते. युद्धकैद्यांना त्यातून वगळले होते. सोव्हिएत युद्धकैद्यांसाठी २०१५ मध्ये जर्मन संसदेने वेगळी तरतूद केली, ती प्रत्येकी २,५०० युरो होती, आणि ती घेण्यासाठी जे उरले होते ते नव्वदीच्या घरात होते.

खडकवाट

पायवाट, मूळ लेखातील एका वाक्यावर मला आक्षेप घ्यावासा वाटतो. 'व्ही-२ जोडताना सुमारे २०,००० माणसे मेली' असे आपण लिहिले आहे. हे वाक्य सर्वत्र आढळते, पण माझ्या वाचनाप्रमाणे रॉकेटच्या जोडणीवर एका वेळी साधारण पाच हजार कैदीच होते, आणि छावणीतील बहुसंख्य लोक रॉकेटच्या जवळपासही नव्हते. ते नवे बोगदे खोदत होते, रेल्वेमार्ग घालत होते, दगड वाहत होते. १९४४ च्या मध्यापासून विमानकारखाने आणि इंधनकारखाने जमिनीखाली नेण्याच्या योजना या संपूर्ण परिसरात सुरू झाल्या, आणि त्यांतल्या बहुतेक कधीच पूर्ण झाल्या नाहीत.

माझ्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. जोडणीवरच्या कैद्याला काम शिकवावे लागे, म्हणून त्याच्या जाण्याने उत्पादनाचे नुकसान होई आणि तो काहीसा जपला जाई. फावडे धरलेल्या माणसाला शिकवायचे काही नव्हते. तो पडला की दुसरा येई. जोडणीवरून काढलेला, आजारी किंवा अशक्त झालेला माणूसही शेवटी खोदकामावरच पाठवला जाई. आपण रॉकेटलाच केंद्र धरले तर सर्वाधिक मेलेली माणसे पुन्हा आपल्या नजरेआड जातात.

पायवाट

खडकवाट, आपले म्हणणे पूर्णतः बरोबर आहे. मान्य करायला खेद वाटतो, कारण प्रदर्शनात हाच मुद्दा स्पष्ट मांडलेला आहे. या स्मारकाचे अनेक वर्षे प्रमुख असलेले इतिहासकार येन्स-क्रिस्टियान वाग्नर यांच्या संशोधनाचा तो गाभा आहे. मी तो भाग वाचला होता आणि तरीही लिहायला बसल्यावर माझ्या लेखणीने रॉकेटच पकडले. मूळ वाक्य मी खोडलेले नाही, म्हणजे हा संवाद पुढे वाचणाऱ्याला कळेल, पण त्याखाली दुरुस्ती जोडली आहे: 'मिटेलबाऊ-डोरा छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत सुमारे २०,००० माणसे मेली, त्यांतील बहुतेक खोदकामावर आणि बांधकामावर.'

आपला प्रतिसाद वाचल्यानंतर काल मी एलरिखला जाऊन आले. नॉर्डहाउझेनहून थोड्या वेळात आगगाडी तिथे पोहोचते. मे १९४४ पासून तेथील बंद पडलेल्या जिप्सम कारखान्यांत खोदकाम करणाऱ्या कैद्यांची छावणी होती आणि तिला सर्व उपछावण्यांत सर्वांत वाईट मानले जाते. सुमारे ८,००० कैदी आणि सुमारे ४,००० मृत्यू, हे एका वर्षाच्या आत. कैद्यांना इथून रोज गाडीने कामाच्या ठिकाणी नेत. छावणी स्थानकाला अगदी लागून होती, म्हणजे फलाटावर उभ्या असलेल्या कोणालाही ती दिसत असणार.

युद्धानंतर दोन जर्मनींची सीमा नेमकी या छावणीच्या मधून गेली. दोन्ही बाजूंनी उरलेली बांधकामे पाडली. पूर्वेकडे सीमेचा पट्टा मोकळा ठेवायचा होता, पश्चिमेकडे कोणाला ते अवशेष नको होते. आता तिथे झाडी वाढली आहे, मधूनमधून पायाचे दगड आणि भिंतींचे तुकडे आहेत, आणि माहितीचे फलक आहेत. बरोबर कोणीच नव्हते. तास-दीड तास फिरून मी फलाटावर परत आले. तिथून पुढचे स्थानक वॉकेनरीड, ते दुसऱ्या राज्यात आहे. गाडी वेळेवर आली, आणि खिडकीतून पाहिले तेव्हा रुळांपासून त्या झाडीचे अंतर मला अगदी थोडे वाटले.